विज्ञानपटांचे संगीत आणि त्याचा रसिकवर्ग

१

मराठीत ‘चित्रपटसंगीत’ हा शब्द उच्चारला की ऐकणाराच्या मनात प्रथम गाणी उभी राहतात. गाण्यांखेरीज चित्रपटात जे संगीत असते त्यास ‘पार्श्वसंगीत’ म्हणण्याचा प्रघात आहे. या शब्दातील ‘पार्श्व’ हे पद विचार करण्यासारखे आहे. संगीताचे स्थान कोठे, हे ते आधीच ठरवून टाकते. चित्र पुढे, संगीत मागे. चित्र पाहावयाचे, संगीत नकळत कानांवर पडू द्यावयाचे. ज्या देशांत चित्रपटांतून गाण्यांचे प्रमाण अल्प, त्या अमेरिकेत व युरोपातही बोलपटांच्या आरंभीच्या काळात हीच समजूत प्रचलित होती. चांगले संगीत म्हणजे जे ऐकू येत नाही ते, असेच पुष्कळांना वाटे.

ही समजूत पालटली कशी आणि कोणामुळे, हा प्रश्न चित्रपटाच्या इतिहासात सहसा विचारला जात नाही. निर्माते, दिग्दर्शक, फार तर संगीतकार यांच्याच दृष्टीने तो इतिहास लिहिला जातो. श्रोत्यांना त्यात स्थान नसते. परंतु विज्ञानकथांवर आधारलेल्या चित्रपटांपुरते, म्हणजे विज्ञानपटांपुरते पाहिले, तर असे दिसते की संगीतकाराचे नाव पार्श्वभागातून पुढे आणण्याचे कार्य पुष्कळ अंशी श्रोत्यांनीच केले. चित्रपट येण्यापूर्वी त्याचे संगीत कोणाचे याची चौकशी करणारा, चित्रपट गेल्यावर ते संगीत कोठे मिळेल याचा शोध घेणारा असा हा रसिकवर्ग होय. या वर्गाने वापरलेले शब्द आणि या वर्गाविरुद्ध वापरले गेलेले शब्द अशा दोहोंच्या आधारे हा इतिहास पाहणे उद्बोधक ठरते.

आरंभ एका लहानशा शब्दापासून करता येईल. विज्ञानकथेस इंग्रजीत ‘साय-फाय’ हे जे सुटसुटीत नाव मिळाले, ते १९५४ साली फॉरेस्ट अ‍ॅकरमन या अमेरिकन रसिकाने प्रचारात आणले. ध्वनीचे अस्सल पुनरुत्पादन करणाऱ्या यंत्रांना त्या काळी ‘हाय-फाय’ म्हणत. त्या शब्दाच्या धर्तीवर हे नाव घडले. विद्वान समीक्षकांना ते थिल्लर वाटले आणि पुष्कळांना आजही वाटते. पण एका साहित्यप्रकाराचे लोकप्रिय नाव ग्रामोफोनच्या परिभाषेतून जन्मास यावे, ही गोष्ट सूचक आहे. विज्ञानकथेचा रसिक आणि ध्वनिमुद्रिकांचा संग्राहक ही दोन माणसे अनेकदा एकच असत.

२

या रसिकवर्गाची घडण पत्रव्यवहारातून झाली. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले. त्यात लवकरच वाचकांच्या पत्रांचे सदर सुरू झाले आणि पत्रलेखकांचे पूर्ण पत्तेही छापले जाऊ लागले. संपादकीय दृष्टीने ही क्षुल्लक बाब. तिचा परिणाम मात्र दूरगामी झाला. वाचक संपादकाला लिहिता लिहिता एकमेकांना लिहू लागले. १९३० च्या सुमारास त्यांची हस्तपत्रे निघाली. १९४० साली अशा पत्रांना ‘फॅनझीन’ हे नाव मिळाले. ‘फॅन’ हा ‘फॅनॅटिक’ या शब्दाचा संक्षेप मानला जातो. अतिरेकी भक्त असा मूळचा निंदाव्यंजक अर्थ झिजून केवळ आवडीचा निदर्शक अर्थ उरावा, हे अर्थपरिवर्तनाचे चांगले उदाहरण आहे.

जुलै १९३९ मध्ये या मंडळींचे पहिले जागतिक संमेलन न्यूयॉर्क येथे भरले. तेथे फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा जर्मन मूकपट दाखविण्यात आला. या चित्रपटाचा इतिहास येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. जानेवारी १९२७ मध्ये बर्लिन येथे तो प्रथम दाखविला गेला, तेव्हा गोटफ्रीट हुपर्ट्झ यांनी त्याच्यासाठी खास रचलेले संगीत वाद्यवृंद प्रत्यक्ष वाजवीत असे. पुढे वितरकांनी चित्रपटाची निष्ठुरपणे काटछाट केली आणि मूळ लांबीची प्रत नाहीशी झाली. परंतु हुपर्ट्झ यांची स्वरलिपी टिकून राहिली. कोणत्या स्वरावर पडद्यावर काय दिसावे, याच्या खुणा तिच्यात केलेल्या होत्या. पुढील काळात चित्रपटाच्या जीर्णोद्धाराचे जे प्रयत्न झाले, त्यांत तुकड्यांचा मूळ क्रम लावण्यास या खुणांचा फार उपयोग झाला. २००८ साली ब्वेनोस आयरेस येथील चित्रपटसंग्रहालयात बहुतांश पूर्ण अशी एक प्रत उजेडात आली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये बर्लिन येथे पुनर्रचित चित्रपट हुपर्ट्झ यांच्याच संगीतासह दाखविला गेला. ज्यास पार्श्वसंगीत म्हणावयाचे त्यानेच चित्राला सांभाळून ठेविले, असा हा प्रसंग आहे. नेहमी मात्र याच्या उलट घडते. चित्र जपले जाते आणि संगीत टाकून दिले जाते.

३

येऊ घातलेल्या चित्रपटाचे संगीत आधी ऐकण्याची संधी श्रोत्यांना मिळाली, याचे एक आरंभीचे उदाहरण इंग्लंडमधील आहे. एच. जी. वेल्स यांच्या कथेवरून ‘थिंग्ज टु कम’ हा चित्रपट तयार होत होता. संगीत हे चित्रपटावर मागाहून चढविलेले लेणे नसावे, ते त्याच्या घडणीतच असावे, असा वेल्स यांचा आग्रह होता. म्हणून त्यांनी आर्थर ब्लिस या मान्यवर संगीतकाराची योजना केली. ब्लिस यांच्या या संगीतातील एक रचनामाला सप्टेंबर १९३५ मध्ये लंडनच्या प्रॉमेनेड मैफलींत सादर झाली. चित्रपट मात्र फेब्रुवारी १९३६ मध्ये प्रदर्शित झाला. म्हणजे जे चित्र अद्याप कोणी पाहिले नव्हते, त्याचे भविष्य श्रोत्यांनी पाच महिने आधी कानांनी अनुभवले. या संगीताच्या ध्वनिमुद्रिकाही विक्रीस आल्या. प्रत्यक्ष चित्रपटात संगीताची बरीच कापाकापी झाली आणि वेल्स यांचा हेतू पुरता सफल झाला नाही. तरीही चित्रपटाचे संगीत चित्रपटाविना ऐकावे, ही कल्पना येथे रुजली.

विज्ञानपटाच्या संगीताला स्वतःची अशी भाषा लाभली ती १९५१ साली. रॉबर्ट वाइज दिग्दर्शित ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ या चित्रपटासाठी बर्नार्ड हरमन यांनी वाद्यवृंदातील व्हायोलिनांचा नेहमीचा ताफा बाजूस सारला आणि दोन थेरेमिने, विद्युत् व्हायोलिन, ऑर्गन, पितळी वाद्ये अशी विलक्षण योजना केली. थेरेमिन हे वाद्य स्पर्शावाचून वाजते. वादकाचा हात हवेत जसा फिरेल तसा स्वर वरखाली होतो. आपल्याकडील मींड ज्यांच्या परिचयाची आहे त्यांना हा स्वर चमत्कारिक वाटण्याचे कारण नाही. परंतु पियानोच्या पट्ट्यांवर स्थिर स्वर ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना तो मानवी जगाबाहेरचा भासला. काही वर्षांतच थेरेमिनचा कंप म्हणजे परग्रहावरील पाहुणा, असा संकेत पक्का झाला. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध रूढीने ठरतो हा भाषाशास्त्राचा सिद्धांत येथे स्वरांच्या बाबतीत प्रत्ययास येतो. हा संकेत टिकविण्यात संगीतकारांइतकाच श्रोत्यांच्या स्मरणाचा वाटा आहे. कारण या संगीताची मूळ ध्वनिमुद्रणे बाजारात येण्यास १९९३ साल उजाडावे लागले. तोवर ज्यांनी ते लक्षात ठेविले त्यांनी ते चित्रपटगृहात, दूरचित्रवाणीवर आणि हरमन यांनी पुढे स्वतः नव्याने मुद्रित केलेल्या काही अंशांतूनच ऐकले होते.

४

संगीत कोणास म्हणावे, हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो १९५६ सालच्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटाच्या निमित्ताने. न्यूयॉर्कमधील लुई आणि बेबे बॅरन या दांपत्याने त्याचे संपूर्ण संगीत विद्युत्-मंडलांतून निर्माण केले. नॉर्बर्ट वीनर यांच्या सायबरनेटिक्सवरील विचारांतून त्यांनी स्फूर्ती घेतली होती. ते स्वतः मंडले जोडीत, त्यांवर अतिरिक्त भार टाकीत आणि ती चिरकत, फडफडत, अखेर जळून जात असताना उमटणारे ध्वनी फितीवर घेत. जळालेले मंडल पुन्हा तोच ध्वनी देत नसे. त्या फितींचा वेग पालटून, प्रतिध्वनी मिसळून, तुकडे जोडून त्यांनी चित्रपटाचा सारा श्राव्य भाग सिद्ध केला. केवळ इलेक्ट्रॉनिक साधनांनी रचलेले संगीत पूर्ण लांबीच्या व्यावसायिक चित्रपटास लाभण्याचा हा पहिलाच प्रसंग मानला जातो.

परंतु श्रेयनामावलीत ‘संगीत’ हा शब्द आला नाही. बॅरन दांपत्य वादकांच्या संघटनेचे सभासद नव्हते. संघटनेचा विरोध होईल या भयाने त्यांच्या कार्यास ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ असे नवे नाव देण्यात आले. हा शब्दप्रयोग मोठा विचित्र आहे. पाश्चात्त्य संगीतशास्त्रात ‘टोनॅलिटी’ म्हणजे एका आधारस्वराभोवती इतर स्वरांची होणारी व्यवस्था, आणि बॅरन यांच्या ध्वनींत नेमकी तीच व्यवस्था नव्हती. जो गुण वस्तूत नाही त्याच्याच नावाने ती ओळखली गेली. यात शब्दाची चूक नव्हती, तडजोड होती. पण एका तडजोडीच्या शब्दाने त्या दोघांचे संगीतकारपणच नाकारले, आणि ऑस्करच्या संगीतविभागात त्यांच्या कार्याचा विचारही झाला नाही.

या नाकारलेल्या संगीताचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्याची ध्वनिमुद्रिका निघाली नाही. वीस वर्षांनी, १९७६ साली, बॅरन दांपत्याने ती स्वतःच काढली आणि तिच्या प्रकाशनासाठी स्थळ निवडले ते कॅन्सस सिटी येथे भरलेले विज्ञानकथारसिकांचे जागतिक संमेलन. तेथे चित्रपटाचा विसावा वाढदिवस साजरा होत होता. दोघेही उपस्थित राहिले आणि विकल्या गेलेल्या प्रतींवर त्यांनी स्वाक्षऱ्या केल्या. वादकसंघटनेने, स्टुडिओने व पुरस्कार देणाऱ्यांनी ज्यास संगीत म्हटले नाही, त्यास रांगेत उभे राहून, पैसे मोजून संगीत म्हणणारे लोक प्रथम तेथे एकत्र भेटले. ‘रसिक’ या शब्दास काही अर्थ असेल तर तो या ठिकाणी होता.

५

स्टुडिओंनी संगीताकडे दुर्लक्ष केले याचे कारण केवळ अरसिकता नव्हती. अमेरिकन कायद्याप्रमाणे नोकरीच्या नात्याने केलेल्या रचनेचा कर्ता, कायद्याच्या दृष्टीने, नोकरीस ठेवणारा असतो. म्हणजे स्वरलिपी लिहिणारा एक आणि ‘कर्ता’ दुसरा. जी वस्तू कायद्याने लेखकाची नाही, ती जपण्याची जबाबदारीही लेखकाकडे राहत नाही. आणि ज्याच्याकडे ती राहते त्यास गोदामाच्या भाड्याची चिंता असते. १९६९ च्या सुमारास मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीने आपल्या संगीतग्रंथालयातील वाद्यवृंदाच्या स्वरलिप्या जागा रिकामी करण्यासाठी फेकून दिल्या. अनेक दशकांचे हस्तलिखित काम अशा रीतीने भरावात गेले. यांपैकी काही रचना नंतर संक्षिप्त प्रतींवरून आणि ध्वनिमुद्रणे ऐकून नव्याने लिहून काढाव्या लागल्या.

याच काळात रसिकांच्या संस्था उभ्या राहत होत्या, हा योगायोग खरा. पण तो अर्थशून्य नव्हे. ‘किंग काँग’चे संगीतकार मॅक्स स्टायनर यांच्या नावाने १९६५ साली आल्बर्ट बेंडर यांनी एक मंडळ स्थापन केले. हेच बेंडर १९५२ साली उडत्या तबकड्यांच्या अभ्यासासाठी आंतरराष्ट्रीय संस्था काढून प्रसिद्धीस आलेले गृहस्थ होत. आकाशातील अज्ञात वस्तूंचा शोध आणि विसरल्या जाणाऱ्या स्वरांचा शोध या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या, यावरून या वर्गाची मनोरचना ध्यानात येते. दूर आहे, दिसत नाही, मिळत नाही, त्याच्यामागे जाणे हा तिचा विशेष.

१९७४ साली संगीतकार एल्मर बर्नस्टीन यांनी वर्गणीदारांच्या आधारावर चित्रपटसंगीताची एक ध्वनिमुद्रिकामाला सुरू केली आणि तिच्या जोडीस एक त्रैमासिकही काढले. दुकानांत न मिळणाऱ्या या मालेत जुन्या रचना नव्याने वाजवून मुद्रित केल्या जात. हरमन यांनी हिचकॉक यांच्या १९६६ सालच्या ‘टॉर्न कर्टन’साठी लिहिलेले आणि दिग्दर्शकाने नाकारलेले संगीत या मालेतून बाहेर आले. जे संगीत चित्रपटात कधी वाजलेच नाही तेही ऐकण्याजोगे असते, हा विचार येथे प्रथम ठसठशीतपणे मांडला गेला. त्यातून ‘नाकारलेले संगीत’ हा रसिकांच्या चर्चेतील एक स्वतंत्र प्रकारच निर्माण झाला.

६

या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण विज्ञानपटाचेच आहे. ‘२००१ : अ स्पेस ऑडिसी’साठी स्टॅन्ली क्यूब्रिक यांनी अ‍ॅलेक्स नॉर्थ यांस बोलाविले. चित्रपटाची जुळणी चालू असताना तात्पुरती सोय म्हणून जुन्या ध्वनिमुद्रिकांतील संगीत जोडण्याची पद्धत आहे. तिला ‘टेंप ट्रॅक’ असे म्हणतात. क्यूब्रिक यांनी रिखार्ड श्ट्राउस, योहान श्ट्राउस, लिगेटी यांच्या रचना अशा जोडल्या होत्या. नॉर्थ यांनी १९६८ च्या आरंभी प्रकृती बिघडेपर्यंत श्रम करून नवे संगीत लिहिले आणि ते ध्वनिमुद्रित झाले. त्यानंतर काही सूचना येईल म्हणून ते वाट पाहत राहिले. एप्रिलमध्ये चित्रपट पाहावयास गेले तेव्हाच त्यांस कळले की आपला एकही स्वर त्यात नाही. तात्पुरते तेच कायमचे झाले होते.

क्यूब्रिक यांचा निर्णय कलादृष्ट्या चुकीचा होता, असे आज फारसे कोणी म्हणत नाही. त्या चित्रपटाचे वैभव त्याच रचनांशी एकरूप झाले आहे. परंतु कलेचा निवाडा एक आणि माणसाला दिलेली वागणूक दुसरी. नॉर्थ १९९१ साली निवर्तले. १९९३ साली त्यांचे मित्र व ख्यातनाम संगीतकार जेरी गोल्डस्मिथ यांनी लंडन येथे वाद्यवृंद जमवून ते संगीत नव्याने मुद्रित केले. २००७ साली मूळ मुद्रणही मर्यादित प्रतींत प्रसिद्ध झाले. पंचवीस वर्षे ज्याविषयी केवळ बोलले जात होते ते अखेर ऐकावयास मिळाले. ऐकणारे उरले होते म्हणूनच हे मुद्रण कोणास परवडले, ही गोष्ट विसरता येत नाही.

७

१९७७ हे साल या इतिहासात पाणलोटासारखे आहे. त्या वर्षी जॉन विल्यम्स यांची दोन संगीते आली. ‘स्टार वॉर्स’साठी त्यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून एकोणिसाव्या शतकाच्या वळणाचे भरघोस संगीत वाजवून घेतले, आणि गाणी नसलेल्या संगीताच्या दोन तबकड्यांचा संच घरोघर गेला. दुसरा चित्रपट ‘क्लोज एनकाउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. यात पाच स्वरांचे एक वाक्य परग्रहवासीयांशी संभाषणाचे माध्यम होते. विल्यम्स व दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी अनेक स्वरवाक्ये करून पाहिली आणि त्यांतून एक निवडले. शब्दाविना संभाषण शक्य आहे काय, या भाषाशास्त्रातील जुन्या प्रश्नाला चित्रपटाने स्वरांत रूप दिले. संगीत येथे पार्श्वभागी उरले नाही. ते कथेतील पात्र झाले.

या चित्रपटाचा महाराष्ट्राशी संबंध आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आकाशातून ऐकू आलेले ते पाच स्वर भारतातील एक प्रचंड जमाव सामुदायिक रीतीने गात आहे, आणि स्वर कोठून आले असे विचारताच शेकडो हात वर होऊन आकाशाकडे बोट दाखवितात, असे एक दृश्य त्यात आहे. कथेत हे स्थळ उत्तर हिंदुस्थानातील आहे. चित्रण मात्र त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील खालापूरजवळील हाळ या गावी झाले. मुंबईपासून थोड्याच अंतरावरील एका खेड्यात लोकांनी एका अमेरिकन विज्ञानपटाचे सूत्रवाक्य गाइले. त्या क्षणी पडद्यावरील संगीताला श्रोते आणि गायक दोन्ही लाभले होते, आणि ते एकच होते.

८

‘स्टार वॉर्स’च्या यशानंतर संगीतकाराचे नाव जाहिरातीत झळकू लागले. तरीही संगीत सुखरूप झाले असे नाही. ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटात गोल्डस्मिथ यांच्या रचना जागोजाग बदलण्यात आल्या. त्यांच्याच १९६२ सालच्या दुसऱ्या एका चित्रपटाचे संगीत मध्येच घालण्यात आले आणि अखेरीस हॉवर्ड हॅन्सन यांच्या सिंफनीचा एक भाग आला. ‘ब्लेड रनर’ (१९८२) चे प्रकरण त्याहून चमत्कारिक आहे. व्हँजेलिस यांच्या संगीताची ध्वनिमुद्रिका उपलब्ध असल्याचे चित्रपटाच्या शेवटी नमूद केले होते. प्रत्यक्षात बाजारात आली ती दुसऱ्याच वाद्यवृंदाने केलेली नक्कल. अधिकृत मुद्रिकेसाठी १९९४ साल उजाडले. मधल्या बारा वर्षांत फितींच्या प्रतींवरून प्रती निघाल्या आणि अखेर अनधिकृत तबकडीही फिरू लागली. कायद्याच्या दृष्टीने ही चोरी होय आणि तिचे समर्थन करता येत नाही. मात्र वचन देऊन वस्तू न देणारा व्यापार आणि वस्तू न मिळाल्याने आडवाट धरणारा ग्राहक यांच्यातील दोष सर्वस्वी एकाच बाजूस टाकणेही न्याय्य नव्हे.

‘साउंडट्रॅक’ या शब्दाची वाटचाल या संदर्भात ध्यानात घ्यावी. मूळ अर्थ, चित्रफितीच्या कडेस असलेली ध्वनीची अरुंद पट्टी. तेथून चित्रपटातील समग्र ध्वनी, मग केवळ संगीत, आणि अखेरीस चित्रपटाशिवाय घरी ऐकावयाची तबकडी असा अर्थाचा प्रवास झाला. चित्रपटाचा अविभाज्य अवयव सांगणारा शब्द त्यापासून विभक्त झालेल्या वस्तूचे नाव बनला. हा अर्थपालट कोणा कोशकाराने घडविला नाही. संग्राहकांच्या व्यवहाराने घडविला.

१९९० साली ल्यूकस केंडल या अमेरिकन तरुणाने चित्रपटसंगीताच्या रसिकांसाठी एक साधे पत्रक सुरू केले. त्याचे आरंभीचे नाव ‘साउंडट्रॅक करस्पाँडन्स लिस्ट’, म्हणजे पत्रव्यवहार करू इच्छिणारांची यादी. गर्न्सबॅक यांनी पत्ते छापले त्यास सहा दशके लोटली होती, तरी मूळ प्रेरणा तीच. हे पत्रक पुढे ‘फिल्म स्कोअर मंथली’ या मासिकात परिणत झाले. त्यात येऊ घातलेल्या चित्रपटांचे संगीत कोणाकडे सोपविले आहे याच्या याद्या छापल्या जात, आणि वाचक त्या याद्या नाटकाच्या नांदीप्रमाणे उत्सुकतेने वाचीत. दिग्दर्शक कोण, नट कोण, हे विचारण्याआधी संगीतकार कोण हे विचारणारा वाचक येथे स्पष्टपणे दिसतो. मासिकाने पुढे ध्वनिमुद्रिकाही काढल्या. त्यांची संख्या सुमारे अडीचशेपर्यंत गेली. पुष्कळ मुद्रिका तीन हजार प्रतींपुरत्या मर्यादित असत. जेम्स हॉर्नर यांचे ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील दुसऱ्या चित्रपटाचे (१९८२) विस्तृत संगीत या उपक्रमातून २००९ साली प्रसिद्ध झाले. तीन हजार ही संख्या व्यापाराच्या दृष्टीने नगण्य. एखादी कलाकृती नष्ट होऊ न देण्यास मात्र ती पुरेशी ठरली.

९

येथवरचा वृत्तांत रसिकांच्या गौरवाचा आहे. परंतु इतिहासाने दुसरी बाजूही दाखविली पाहिजे. ज्या स्मरणाने संगीत वाचविले, तेच स्मरण पुढे नव्या संगीताच्या वाटेत उभे राहू शकते.

२०१६ साली डेनी व्हिलनव्ह यांचा ‘अरायव्हल’ प्रदर्शित झाला. याची नायिका भाषाशास्त्रज्ञ आहे आणि परकीय जीवांची लिपी उकलणे हा त्याचा विषय. आइसलंडचे योहान योहान्सन यांनी त्यासाठी मानवी कंठांचा असा उपयोग केला की आवाज ऐकू यावेत, पण त्यांतून शब्द निघू नयेत. अर्थापूर्वीची भाषा कशी असेल, याचे इतके नेमके श्राव्य रूप क्वचितच सिद्ध झाले असेल. मात्र चित्रपटाच्या आरंभी व शेवटी मॅक्स रिश्टर यांची पूर्वरचित कृती वापरली असल्यामुळे ऑस्करच्या स्पर्धेसाठी योहान्सन यांचे संगीत अपात्र ठरविण्यात आले. ‘फॉरबिडन प्लॅनेट’नंतर साठ वर्षांनी संगीताच्या व्याख्येचा प्रश्न पुन्हा एकदा नियमांच्या दारात अडला.

पुढील वर्षी याच दिग्दर्शकाचा ‘ब्लेड रनर २०४९’ आला. संगीत योहान्सन यांचे असेल असे जाहीर झाले होते आणि रसिकांत त्याची मोठी प्रतीक्षा होती. परंतु चित्रपटास व्हँजेलिस यांच्या वळणाच्या अधिक जवळचे संगीत हवे, असे दिग्दर्शकास वाटू लागले; योहान्सन बाजूस झाले आणि ते कार्य हान्स झिमर व बेंजामिन वॉलफिश यांच्याकडे गेले. फेब्रुवारी २०१८ मध्ये योहान्सन वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मृत्यू पावले. जे संगीत बारा वर्षे दुर्मिळ होते आणि श्रोत्यांनी निष्ठेने जपले, ते आता इतके प्रतिष्ठित झाले होते की त्याच्या छायेत नव्या स्वरास जागा राहिली नाही. १९६८ साली टेंप ट्रॅकने जे केले ते २०१७ साली स्मृतीने केले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

२०२१ साली ‘ड्यून’साठी झिमर यांनी रचलेल्या कल्पनांचा एक स्वतंत्र संच चित्रपट अमेरिकेतील चित्रपटगृहांत येण्यापूर्वी काही आठवडे प्रसिद्ध झाला. श्रोत्यांनी अद्याप न पाहिलेल्या ग्रहाची वाळू आधी कानांनी ऐकली. ब्लिस यांच्या १९३५ सालच्या मैफलीशी या घटनेचे नाते उघड आहे. फरक इतकाच की तेव्हा अपवाद होता तो आता प्रघात झाला आहे.

सारांश, विज्ञानपटांच्या संगीताचा इतिहास म्हणजे केवळ नव्या वाद्यांचा व तंत्रांचा इतिहास नव्हे. तो नामकरणाचाही इतिहास आहे. कोणत्या ध्वनीस संगीत म्हणावयाचे, कोणास कर्ता म्हणावयाचे, आणि तात्पुरते, नाकारलेले, पार्श्वभागी असलेले यांपैकी काय जपावयाचे, हे प्रश्न कायद्याने, संघटनांनी आणि व्यापाराने आपापल्या सोयीने सोडविले. श्रोत्यांनी त्यांची उत्तरे मुकाट्याने स्वीकारली नाहीत, म्हणून बॅरन यांचे ध्वनी आज संगीत म्हणून ओळखले जातात आणि नॉर्थ यांची स्वरलिपी वाजू शकते. त्याच श्रोत्यांवर आता एक अवघड जबाबदारी येऊन पडली आहे. जे जपले त्याच्याशी न जुळणारा स्वर कानी पडला असता, तो पुरता ऐकून घेतल्यावाचून त्यास परका न म्हणणे, ही ती जबाबदारी होय. परक्याची भाषा ऐकून घेणे हाच विज्ञानपटाचा मूळ धर्म. त्याच्या रसिकांनी तो संगीताच्या बाबतीतही पाळावा, एवढेच या इतिहासाचे तात्पर्य म्हणता येईल.